भरतीबाई आणि बॉयलरचा काटा

आमच्या हिला घेऊन कुठे जायची सोय नाही. हॉटेलात बसलो की मी मेनूकार्ड बघतो आणि ही वेटर बघते. "बघितलंत का अहो? एकटा सगळी टेबलं सांभाळतोय आणि कपाळावर एक आठी नाही. इथे वाया चाललाय हो हा." झालं! सूप येईपर्यंत त्याचं शिक्षण किती, त्याची आई कुठे असते, इथे पगार वेळेवर होतो का, सगळी माहिती हिच्याकडे जमा. मी आपला चमच्याने सूप ढवळत दुसरीकडे बघत बसतो. माझ्या चुलत मेहुणीच्या लग्नात तर हिने नवऱ्यामुलाच्या गाडीचा ड्रायव्हर हेरला होता. वरातीची वेळ झाली तरी ड्रायव्हर सापडेना. शेवटी हॉलच्या मागे दिसला, हिच्यासमोर हात बांधून उभा. आणि ही त्याला आपला ठरलेला प्रश्न विचारत होती, "तू आमच्याकडे आलास, तर तुझ्या जागी कोण?"

हा प्रश्न जरा लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं.

ही एका लाँड्रीत माणसं नेमायचं काम करायची. लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरची इस्त्रीवाली नव्हे. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे रोज ट्रक भरून येतात. खोलीएवढी धुलाईची यंत्रं, ओली चादर एकीकडून गिळून दुसरीकडून कडक करून बाहेर टाकणारे तापलेले रोलर, घड्या घालणाऱ्या बायकांच्या रांगा, आणि या सगळ्यांच्या खाली तळघरात बॉयलर. सगळी वाफ त्याची. तो बंद पडला की वर सगळं ठप्प. हिचं टेबल जिन्याखाली होतं, डोकं वाकवून बसावं लागायचं. तिथे बसून हिने अख्खी लाँड्री भरली, म्हणून सगळे हिला भरतीबाई म्हणायचे. घरीसुद्धा फोन यायचे, "भरतीबाई आहेत का?" मी म्हणायचो, "आहेत, पण त्यांच्या नवऱ्याला एखादी जागा आहे का ते आधी विचारा."

मला स्वतःला नोकरी नाही, माझी ड्रायव्हिंग स्कूल आहे. म्हणजे एक गाडी आणि मी. शेजारच्या सीटवर बसायचं आणि पायाखाली जादा ब्रेक. शिकणारा खांबावर चालला की दाबायचा. सारा जन्म त्या सीटवर गेल्यामुळे मला एक खोड लागली आहे. घरात सोफ्यावर बसलो असलो आणि काही भलतं व्हायला लागलं, की माझा पाय आपोआप ब्रेक शोधतो. हिच्याशी संसार करताना तर तो पाय जमिनीला टेकलेलाच असायचा.

तर तो प्रश्न. हिचं म्हणणं असं, की माणूस कुठून उचलला की तिथे भोक पडतं. ते कुणाच्या अंगावर येतं ते आधी बघायचं. म्हणून ही नव्या माणसाला सांगायची, "आधी तिकडे रीतसर सांग, तुझ्या जागी कुणाला तरी तयार कर, मग ये. जागा धरून ठेवते." त्यापायी इकडची जागा महिना-महिना रिकामी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. म्हटलं, "अगं, तू लाँड्रीचा पगार घेतेस की साऱ्या जगाचा?" तर म्हणे, "जग केवढं हो आपलं? आज ज्याच्या अंगावर ढकलेन, तो उद्या माझ्याच दारात उभा राहील."

बॉयलरला पूर्वी दोन माणसं होती, दोघंही परवानावाले. परवान्याशिवाय बॉयलरला हात लावता येत नाही. त्यातला एक परदेशात गेला आणि उरले बॉयलरकाका. एकटा जीव. बायको कधीच गेलेली, मूल नाही. हिने सगळ्यात आधी नेमलेला माणूस म्हणजे हेच काका. दुसऱ्या माणसासाठी हिने जंग जंग पछाडलं. जाहिराती दिल्या, तंत्रशाळेत जाऊन बसली, जुन्या लोकांना फोन केले. कोणी मिळेना. महिने गेले तरी मिळेना.

आणि मग हिचं सकाळचं गणित बिघडलं. उजाडायच्या आत उठायची, चहा अर्धा टाकायची आणि पळायची. रविवारी सुट्टी, तरी ही त्या वेळेला उठून खिडकीत उभी. विचारलं तर, "काम आहे." अहो, जिन्याखाली बसून माणसं नेमणाऱ्या बाईला पहाटे कसलं आलंय काम? मी काही संशयी माणूस नाही. पण एके दिवशी गाडीने सोडायला गेलो आणि हिला टेबलाकडे न जाता खाली तळघरात उतरताना पाहिलं. गेलो मागोमाग.

खाली उकाडा असा की चष्मा धुरकटला. काका भट्टीपाशी उभे होते, हात व्हॉल्व्हच्या चाकावर. मान वर करून ते काट्याकडे बघत होते. वाफेचा दाब दाखवणारा तो गोल घड्याळासारखा डबा. ते बघत होते, पण डोळे भलतीकडेच.

"बाई, काटा कुठे आहे?"

"चारच्या पुढे. थांबा. आता पाच."

काकांनी चाक फिरवलं.

परत गाडीत आल्यावर मी जो सुटलो! "तुला वेड लागलंय? त्या माणसाला दिसत नाहीये! बॉयलर म्हणजे काय प्रेशर कुकर आहे? फुटला तर?"

"वरती सुरक्षेचा व्हॉल्व्ह आहे. जास्त झालं की आपोआप सुटतो."

"आणि नाही सुटला तर?"

"तर मी तिथेच असेन ना," ही म्हणाली.

मग सगळं कळलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन केलं तर नजर परत येणार, डॉक्टरांनी तसं सांगितलेलं. पण ऑपरेशनला रजा हवी, रजेला बदली माणूस हवा, आणि बदली माणूस मिळत नाही. मालकांना सांगावं तर ते त्याच दिवशी काकांना घरी बसवणार, परवानाही जाणार. मग तो एकटा माणूस खाणार काय आणि जाणार कुठे? थांबावं तर डोळे आणखी बिघडणार, आणि बॉयलर तसाच. म्हणून ही सकाळी पेटवताना खाली, दुपारी काही निमित्त काढून खाली, संध्याकाळी पुन्हा खाली. पायाला भिंगरी लागल्यासारखी.

"ज्याच्या चादरी तुमच्याकडे येतात, त्या हॉस्पिटलात एक बॉयलरवाला आहे म्हणतात," मी म्हटलं. "त्याला विचार की! चार पैसे जास्त द्या."

ही माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी चोरीच सुचवली. "हॉस्पिटलात तो एकटाच आहे. त्याच्या जागी कोण?"

मी कपाळावर हात मारला.

अशात लाँड्रीचा कारभार म्हाताऱ्या मालकांकडून त्यांच्या जावयाकडे गेला. सगळे त्याला जावईबापू म्हणायचे, अर्थात पाठीमागे. माणूस वाईट नव्हता, पण घाईत जन्मलेला. त्याने एका एजन्सीला बोलावलं. माणसं पुरवणारी एजन्सी. त्यांची एक चुणचुणीत मुलगी आली, हिच्याशीही गोड बोलली. म्हणाली, बॉयलरवाला आठवड्यात देतो, टिकला नाही तर दुसरा फुकट. मात्र एक अट. लाँड्रीची सगळी भरती त्यांच्याकडे. एकेक जागा ते घेत नाहीत.

जावईबापूंनी हिला केबिनमध्ये बोलावलं. "तुम्ही जुन्या आहात, तुम्हीच सांगा. भरती घरची ठेवायची की एजन्सीला द्यायची? तुम्ही म्हणाल तसं करतो. पण सोमवारी मला उत्तर हवं. आणि अर्धं हे, अर्धं ते, असलं काही नको."

ते दोन दिवस आमच्या घरात कोणी बसलं नाही. हिने धुतलेले पडदे पुन्हा धुतले. कपाट या भिंतीचं त्या भिंतीला नेलं, मग म्हणाली, "आधीच बरं होतं," आणि मला पुन्हा ढकलायला लावलं. कपाट ढकलता ढकलता तिचं चाललेलं.

"एजन्सी वाईट नाही हो. त्यांच्याकडे गावोगावची नावं आहेत. माझ्याकडे काय? जिन्याखालचं टेबल आणि ओळखीपाळखी. मला सहा महिन्यांत एक माणूस मिळेना."

"मग दे त्यांना."

"देऊ कशी? त्यांना माणूस लावून मोकळं व्हायचं असतं. मला त्याच्याबरोबर रोज डबा खायचा असतो. घड्यांच्या टेबलावर त्या दोन जावा शेजारी बसवल्या तर दिवसभर चादरी फाटतील, हे एजन्सीला कोण सांगणार?"

"मग नको देऊस."

"आणि काकांचे डोळे?"

मी कपाटाला पाठ टेकून खाली बसलो. डोक्यावर मिऱ्या वाटतात म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. म्हटलं, "बाई गं, सरळ सांगतो. भरती एजन्सीला गेली तर तुझं काय?"

"माझं काय व्हायचंय?" ही फडक्याने कपाटाची धूळ पुसत म्हणाली. "माझे डोळे चांगले आहेत."

सोमवारी ही केबिनमध्ये गेली आणि 'एजन्सी' असं सांगून आली.

एजन्सीने शब्द पाळला, हे मान्य करायला हवं. आठवडा पुरा व्हायच्या आत माणूस हजर. परवाना चोख, हात सराईत, कामाला वाघ. आधी कुठे होता, तर कागदावर लिहिलेलं, 'एका मोठ्या संस्थेत'. नाव गुप्त, ती म्हणे त्यांची पद्धत. काकांनी एक दिवस त्याला सगळे व्हॉल्व्ह दाखवले. हीसुद्धा खाली गेली होती. त्याला पाणी दिलं, डबा कुठे खायचा ते दाखवलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा हिने तो प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी काकांचं ऑपरेशन. हॉस्पिटल तेच, ज्याच्या चादरी लाँड्रीत येतात. आम्ही दोघं त्यांना माझ्याच गाडीतून घेऊन गेलो, टपावर 'शिकाऊ' अशी पाटी. काका मागे नवा शर्ट घालून बसले होते, लग्नाला निघाल्यासारखे. म्हणाले, "उद्या डोळा उघडला की आधी काय बघू, बाई?" ही म्हणाली, "आधी डॉक्टर बघा आणि त्यांचे आभार माना."

वॉर्डात काकांना हिरवा झगा दिला, डोळ्यात थेंब घातले. वाट बघत बसलो. शेजारच्या खाटांवर आणखी तशीच मंडळी. बराच वेळ कोणी आत नेईना. शेवटी सिस्टर आली, चेहरा उतरलेला. "आजची सगळी ऑपरेशनं रद्द."

"का?" मी उठलोच.

"वाफ नाही. हत्यारं वाफेवर निर्जंतुक करावी लागतात. आमचा बॉयलरवाला एकाएकी सोडून गेला. कोणा एजन्सीने पळवला म्हणतात. दुसरा मिळेल तेव्हा कळवू."

माझा पाय ब्रेक शोधायला लागला. हिच्याकडे बघितलं. ती पांढरीफटक पडली होती.

आणि काय सांगू तुम्हाला, त्याच क्षणी काकांचा फोन वाजला. काकांना दिसत नव्हतं म्हणून मीच तो स्पीकरवर लावला. तीच चुणचुणीत मुलगी! "नमस्कार सर, एका नामांकित हॉस्पिटलला तातडीने अनुभवी बॉयलर ऑपरेटर हवा आहे. आपण बदलाचा विचार करताय का? लगेच रुजू व्हायची तयारी असेल तर..."

हॉस्पिटलनेही माणूस शोधायला त्यांनाच सांगितलं होतं. परवानावाल्यांच्या यादीत पुढचं नाव काकांचं, तिला काय ठाऊक ते कुठे पडलेत.

काका आधी हसले. झगा घातलेला, डोळ्यांतून औषध गालावर ओघळतंय, आणि हसताहेत. म्हणाले, "ताई, मी त्याच हॉस्पिटलात आहे. खाटेवर." मग फोन माझ्याकडे देऊन भिंतीकडे तोंड केलं, आणि मग ते हसत नव्हते.

ही उठली. "अहो, गाडी काढा."

रस्ताभर तीच बोलत होती. "मी मुद्दाम नाही विचारलं. मला कळलं होतं हो. त्याच्या डब्याच्या पिशवीवर हॉस्पिटलचा शिक्का होता. मी पिशवी बघितली आणि तोंड मिटून घेतलं. म्हटलं, एकदा ऑपरेशन होऊन जाऊ दे." तिचे हात मांडीवर नुसते एकमेकांत गुंतत होते. मी गाडी किती जोरात हाणली ते माझ्या विद्यार्थ्यांना कळता कामा नये.

तळघरात तो नवा माणूस भट्टीपाशी उभा होता. ही त्याच्यासमोर जाऊन थांबली. "तुझ्या जागी कोण आहे?"

त्याने मान खाली घातली. "कोणी नाही, बाई. ते म्हणाले आजच्या आज या, नाहीतर जागा जाईल. माझ्या घरी खाणारी तोंडं पाच."

"रागावले नाही मी तुझ्यावर. बॉयलर शांत कर आणि चल. तिकडे माणसं झगे घालून बसलीत."

त्याने आग बंद केली, वाफ उतरवली. वर रोलर एकेक करत थांबले. अर्धी आत अर्धी बाहेर अशा चादरी धरून बायका उभ्या राहिल्या. जावईबापू जिन्यावरून धावत खाली. "काय चाललंय? कोणी बंद करायला सांगितलं?"

"मी," ही म्हणाली.

"कोणाला विचारून?"

"साहेब, ज्या हॉस्पिटलच्या चादरी आपण धुतो, त्याचाच माणूस आपण काढून आणलाय. तिथे ऑपरेशनं थांबलीत. हा सकाळी तिकडे वाफ करून देईल, दुपारी इकडे येईल. तिकडे दुसरा मिळेपर्यंत तरी असंच चालू दे."

"हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण? भरती आता एजन्सीकडे आहे. तुम्हीच सांगितलंत ना?"

"सांगितलं. चुकलं माझं. पण एजन्सीच्या करारावर सही पुढच्या आठवड्यात आहे. तोवर भरतीबाई मीच." आणि त्या माणसाचा दंड धरून ही चालायला लागली. मला वाटलं जावईबापू आडवे येतील. ते नाही आले. दारात मात्र एवढंच म्हणाले, "परत आलात की केबिनमध्ये या."

दुपारी हॉस्पिटलात वाफ झाली. काकांचा एक डोळा त्याच दिवशी झाला, दुसरा पुढे सावकाश. तो नवा माणूस काही दिवस इकडून तिकडे पळत राहिला, मग हॉस्पिटलने पगार वाढवून त्याला कायमचा परत नेला. एजन्सीने कबूल केल्याप्रमाणे लाँड्रीला दुसरा फुकट दिला. त्या मुलीला मी दोष देत नाही, तिने तिचं काम केलं. जावईबापूंनीही आरडाओरडा केला नाही. हिच्याच शिफारशीवरून एजन्सीच्या करारावर सही केली, जिन्याखालचं टेबल उचललं आणि हिचे आभार मानले. मी मात्र घरात खूप आरडाओरडा केला. तिने ऐकून घेतला. शेवटी मी विचारलं, "आता त्या टेबलावर कोण? तुझ्या जागी कोण?"

"झाडू आणि बादल्या ठेवल्यात," ही म्हणाली आणि हसायला गेली, पण जमलं नाही.

आता ही घरी असते. घरी म्हणजे काय, या खोलीतून त्या खोलीत. दिवसभर फोनकडे बघते, फोन वाजत नाही. भाजीवाल्याच्या हाताखालचा माणूस चलाख आहे, हे मला दोनदा सांगून झालंय, पण तो घ्यायचा कुठे? जाग मात्र अजून त्याच वेळेला येते. सुरुवातीला तर पहाटे उठायची, खिडकीत उभी राहायची. मला तिचं ते उभं राहणं बघवायचं नाही. मी डोक्यावरून पांघरूण घ्यायचो.

काकांची सुट्टी संपली आणि ते कामावर रुजू झाले, त्या सकाळीही ती तशीच उभी होती. आणि फोन वाजला. मी दचकून उठून बसलो. इतक्या पहाटे कोण मेलंय, म्हटलं. तिने फोन कानाला लावला. काकांचा आवाज मोठा, मला अंथरुणातही ऐकू आला. मागे भट्टीचा घोंघाट.

"बाई, पाच! काटा पाचवर आहे. इथून दिसतोय, दारातून!"

ही भिंतीला हात टेकून उभी.

"बाई, आहात ना?"

"आहे," ही म्हणाली. "चाक फिरवा आता."

तेव्हापासून रोज येतो तो फोन. रविवार सोडून.